नेसरीची कथा व तिचे कर्ते : प्रतापराव गुजर या पात्राची घडण

१

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात, गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या मार्गावर नेसरी हे गाव आहे. मराठी व कानडी या दोन भाषांच्या सीमेवरील हा मुलूख. कानडीत 'नेसर' म्हणजे सूर्य. तथापि तेवढ्यावरून ग्रामनामाची व्युत्पत्ती लावण्याचा मोह आवरलेलाच बरा, कारण केवळ ध्वनिसादृश्यावर उभारलेल्या अशा व्युत्पत्त्यांनी ग्रामनामांच्या अभ्यासाची पुरेशी हानी केलेली आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात या गावाचे नाव एकाच प्रसंगाने शिरले. माघ वद्य १४ शके १५९५, महाशिवरात्र, म्हणजे २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी शिवाजीमहाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर हे विजापूरचा सरदार अब्दुल करीम बहलोलखान याच्याशी लढताना येथे पडले. राज्याभिषेकास तेव्हा साडेतीन महिन्यांहूनही थोडा कमी अवधी उरला होता.

ही कथा आज ज्या रूपाने सांगितली जाते ते रूप सर्वांस परिचित आहे. उमराणीच्या लढाईत हाती सापडलेल्या बहलोलखानास प्रतापरावांनी दयाबुद्धीने सोडून दिले. महाराज संतापले व त्यांनी पत्र धाडले, की खानाचा निकाल लावल्यावाचून भेटीस येऊ नये. ते शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. खान नेसरीच्या खिंडीत असल्याचे कळताच ते सैन्याची वाट न पाहता सहा सोबत्यांनिशी त्याच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. शालेय पुस्तके, व्याख्याने, गीते व कादंबऱ्या या सर्वांतून हाच सांगाडा दिसतो. ऐकणाऱ्यास वाटते, की ही एकाच वेळी, एकाच मुखातून बाहेर पडलेली अखंड गोष्ट आहे.

परंतु साधने कालक्रमाने मांडून पाहिली म्हणजे दिसते ते निराळेच. या कथेचा कोणी एक कर्ता नाही. पत्र एकाचे, आकडा दुसऱ्याचा, तिथी तिसऱ्याची, शेवट चौथ्याचा आणि स्वभावधर्म पाचव्याचा, अशी ही रचना आहे. हे कर्ते एकमेकांना भेटले नाहीत. त्यांच्यात अडीचशे वर्षांचे अंतर आहे. त्यांपैकी काहींनी मराठीत लिहिले, काहींनी इंग्रजीत. तरीही प्रत्येकाने आधीच्याने ठेवलेल्या पात्रास आपल्या परीने बोलते केले. असे बोलते करणे आपल्या परंपरेस नवे नाही. नेसरीहून पश्चिमेस जाऊन घाट उतरले की दशावतारी खेळांचा प्रदेश लागतो. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान कोणते लावावयाचे व त्यातील प्रवेशांचा क्रम काय हे नट आपसांत ठरवितात, आणि मग रंगभूमीवर प्रत्येक जण आपले संवाद त्या त्या क्षणी रचीत जातो. समोरच्या नटाने एक गोष्ट बोलून टाकली की ती खेळापुरती खरी ठरते. पुढच्यास ती खोडता येत नाही, तिच्यापुढे मात्र जाता येते. तमाशातील बतावणीचीही रीत हीच. नेसरीच्या कथेचा विकास समजून घेण्यास ग्रंथकर्तृत्वाच्या आधुनिक कल्पनेपेक्षा हा नियम अधिक उपयोगी पडतो. कारण येथेही मागच्याचे बोलणे पुढच्याने क्वचितच खोडलेले आहे. त्याने मोकळी जागा शोधून तेवढीच भरून काढली आहे.

२

सर्वांत जवळचा साक्षीदार मराठी लेखक नव्हे, ही या प्रकरणातील पहिली विशेष गोष्ट. नारायण शेणवी हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी व वकील. कंपनीच्या कामासाठी तो मार्च १६७४ च्या अखेरीस रायगडाच्या पायथ्याशी पोहोचला होता. त्या सुमारास महाराजांच्या एका राणीचा अंत झाल्याने दरबार सुतकात होता व त्याची भेट लांबणीवर पडली होती. ४ एप्रिल १६७४ रोजी त्याने मुंबईस जे पत्र धाडले त्यात इतर वर्तमानाबरोबर प्रतापरावांच्या मृत्यूचीही वार्ता आहे. दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत, सहा स्वारांसह, बाकीच्या सैन्याचे साहाय्य न मिळाल्यामुळे सरनोबत मारले गेले व विजय बहलोलखानाकडे राहिला, असा त्या वार्तेचा आशय. प्रसंगास सहा आठवडेही पुरे झालेले नव्हते. लिहिणाऱ्यास त्या मृत्यूचे दुःख नव्हते की अभिमान नव्हता. राज्यात काय चालले आहे हे धन्याला कळविणे एवढेच त्याचे काम होते. अशा माणसाची साक्ष इतिहासाच्या दृष्टीने मोलाची असते.

यापुढचे पाऊल सभासदाचे. कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजीस, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आपली बखर रचली. घटनेस तेव्हा वीसहून अधिक वर्षे लोटली होती. सभासदाच्या बखरीत उमराणीची लढाई आहे, पाणी तोडून खानाची केलेली कोंडी आहे, त्याची विनवणी व सुटका आहे, महाराजांचा कोप आहे, तोंड न दाखविण्याची आज्ञा आहे आणि अखेरीस मोठे युद्ध होऊन प्रतापराव पडल्याचे व महाराज कष्टी झाल्याचे सांगितले आहे. मुद्रित पाठात स्थळाचे नाव 'जेसरी' असे येते. ते नेसरीच होय याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. नाही ते एवढेच, की सभासदाच्या रणात सहा स्वार नाहीत. तेथे दोन सैन्ये आहेत, मोठे झुंज आहे आणि तलवारीचे वार लागून पडलेला सेनापती आहे.

म्हणजे समकालीन पत्रात सहा स्वार आहेत, पण कथेचा भावबंध नाही. बखरीत भावबंध आहे, पण सहा स्वार नाहीत. आजच्या कथेचे दोन प्राण असे दोन निरनिराळ्या शरीरांत वसत होते. एक मोडीतून नकला होत होत वाचकांपर्यंत आले. दुसरे इंग्रजी दप्तरांत पडून राहिले.

३

सभासदाने या पात्राच्या मुखासमोर जे आरसे धरले त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे महाराजांचा शब्द. याविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण सर्वसाधारण वाचकाची या ठिकाणी हमखास समजूत चुकते. महाराजांनी प्रतापरावांस लिहिलेले असे अस्सल पत्र आज उपलब्ध नाही. जे आहे ते सभासदाने आपल्या निवेदनात दिलेले आज्ञेचे रूप. त्यात 'सला' हा तहवाचक शब्द येतो. अरबी 'सुल्ह' फारसीतून मराठी राजकारणाच्या भाषेत येऊन रूढ झाला होता, त्याचे हे रूप. तह केलाच कशासाठी, या प्रश्नात एका सेनापतीच्या कृत्याची सारी चिकित्सा सामावलेली आहे. महाराजांचा आक्षेप दयेवर नाही. न विचारता तह करण्यावर आहे. उमराणीच्या लढाईपूर्वी थोडेच दिवस, ६ मार्च १६७३ रोजी, पन्हाळगड मराठ्यांच्या हाती आला होता. तो परत घेण्यासाठीच विजापुराहून बहलोलखान निघालेला. जतनजीक उमराणीस त्यास पाण्यावाचून कोंडून तो शरण आल्यावर मोकळा सोडणे म्हणजे पन्हाळ्यावरील संकट केवळ पुढे ढकलणे होय, हे कोणाही राजकारणी पुरुषास कळण्याजोगे होते. आणि तसेच घडलेही. खान परतला व कोल्हापुराकडील मुलूख पुन्हा त्याच्या फौजांखाली तुडविला जाऊ लागला. पुढे १६७५ च्या अखेरीस तर विजापूरची सारी सत्ताच त्याच्या हाती गेली.

सतराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात आज्ञा सामान्यतः 'णे'-कारान्त रूपाने दिली जाई. करणे, पाठविणे, न दाखविणे ही रूपे तेथे नाम नसून आज्ञार्थ आहेत. सभासद स्वतः दरबारी पुरुष होता. त्याच्या लेखणीस हीच भाषा वळणी पडलेली. म्हणून त्याने महाराजांचे म्हणणे सांगताना ते पत्राच्या वळणाने सांगितले. पुढील वाचकांनी त्या वळणावरून ते पत्रच मानले, आणि त्यानंतरच्या कथाकारांनी तर ते मायना व समाप्तीसह सांगावयास आरंभ केला. निवेदनातील अप्रत्यक्ष वाक्य असे हळूहळू कागद होऊन बसले. यात कोणी लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही. भाषेच्या एका प्रत्ययाने जी दिशा दाखविली तिकडे सारे चालत गेले.

येथे नावाचाही विचार करावा. या पुरुषाचे मूळ नाव कुडतोजी. काही ठिकाणी ते कडतोजी असेही आढळते. सातारा जिल्ह्यातील भोसरे हे त्यांचे गाव. 'प्रतापराव' हा महाराजांनी दिलेला किताब. नेतोजी पालकरांस १६६६ मध्ये दूर केल्यावर सरनोबती त्यांच्याकडे आली आणि तेव्हापासून किताबाने मूळ नाव गिळून टाकले. त्यांच्या मागून सरनोबत झालेल्या हंसाजी मोहित्यांचेही असेच झाले. हंबीरराव म्हटल्यावाचून त्यांची ओळख पटत नाही. किताब हा एक प्रकारे धन्याने सेवकास नेमून दिलेला वेषच असतो. ज्याला 'प्रताप' म्हणून हाक मारली जाते त्याने तसे वागून दाखवावे अशी अपेक्षा हाकेतच असते. कथाकारांना या नावाने फार साहाय्य केले आहे. कुडतोजी नावाचा मनुष्य खिंडीत शिरला असता तर तो कदाचित फसला असे म्हटले गेले असते. प्रतापराव शिरल्यावर तो पराक्रम ठरणे अपरिहार्यच होते.

४

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसाची बखर व १८२६ मध्ये जेम्स ग्रँट डफचा इतिहासग्रंथ यांनी कथेचा शेवट बदलला. ग्रँट डफच्या वर्णनात राजाच्या निषेधाने चिडलेले प्रतापराव पन्हाळ्याच्या टापूत खानाच्या फौजेवर अविचाराने, व्यूह न रचता चालून जातात व मारले जातात. फौजेची दाणादाण उडते. पाठलाग पन्हाळ्याच्या तोफांच्या माऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. आणि तेवढ्यात राखीव राहिलेल्या पाच हजार स्वारांनिशी हंसाजी मोहिते पुढे सरसावून पराभवाचे विजयात रूपांतर करतात. स्थळ बदलले, कारण पन्हाळ्यावाचून या लढाईस राजकीय अर्थ उरत नाही. शेवट बदलला, कारण नव्या सरनोबताची नेमणूक कथेला उलगडून दाखवावयाची होती. ज्याला पद मिळाले त्याने ते रणात मिळविले, असे म्हटले की गोष्ट नीट बसते.

यात ज्याचा बळी गेला तो आनंदराव. प्रतापराव पडल्यावर विस्कळित झालेल्या फौजेस ज्याने सावरले, व ज्याने पुढे कर्नाटकात शिरून खानाच्या जहागिरीचा मुलूख लुटून सूड उगविला, तो हा सरदार. कारखानदारांच्या दप्तरातून, म्हणजे इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांतून, त्याचे कर्तृत्व स्पष्ट होते. पण कथेस एकाच उत्तराधिकाऱ्याची गरज होती, आणि ती जागा हंबीररावांनी घेतलेली होती. लोककथेत आनंदरावाचे नाव आज कोणी घेत नाही. पात्रांची संख्या मर्यादित ठेवणे हा मौखिक कथनाचा सर्वत्र आढळणारा धर्म आहे, हे मान्य केले तरी एका माणसाच्या खऱ्या कामाची ही किंमत फार झाली असेच म्हणावे लागते.

सहा स्वार कथेत आले ते जदुनाथ सरकारांच्या हातून. त्यांचा शिवचरित्रविषयक इंग्रजी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारांनी वखारींच्या कागदांतून नारायण शेणव्याचे पत्र उचलले आणि सभासदाचा भावबंध त्यास जोडला. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीसारख्या साधनांमुळे घटनांच्या मित्यांस याच काळात आधार मिळाला. पुढे १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने इंग्रजी कागदपत्रांचा मोठा संग्रह छापल्यावर मराठी अभ्यासकांसही तो मजकूर हाताशी आला. कोप, पत्र, खिंड, सहा स्वार व मृत्यू हे पाच घटक एका परिच्छेदात प्रथम एकत्र आले ते सरकारांच्या ग्रंथात. अर्थात इंग्रजीत, आणि बंगाली पंडिताच्या हातून. मराठी मनाची म्हणून जी कथा ओळखली जाते तिच्या जुळणीचे हे स्थान ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मात्र जोडताना एक सूक्ष्म बदल घडला. शेणव्याच्या पत्रात सैन्याचे साहाय्य न मिळाल्याचे आहे. ते का मिळाले नाही हे नाही. वाट अरुंद होती, मागचे स्वार पुढे येऊच शकले नसतील, वार्ता पोहोचली नसेल, कचरले असतील. सरकारांनी त्यातील एक शक्यता निवडली. त्यांच्या वर्णनात सैन्य त्या वेड्या धावण्यापासून स्वतःस मागे राखते. मोकळी जागा भरली गेली, आणि ती हजारो अनामिक स्वारांच्या माथी दोष ठेवून भरली गेली.

५

कुसुमाग्रजांची 'सात' ही कविता 'विशाखा' या १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील. तिने या कथेत जे केले त्याचा विचार साहित्याच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. इतिहासाच्या अंगाने मात्र तीन गोष्टी लक्षात आणून देणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट अपराधाची. सभासदाचे प्रतापराव शत्रूस सोडल्याबद्दल दोषी आहेत. कवितेत निषेध आहे तो रणातून माघार घेतल्याचा, शत्रूस पाठ दाखविल्याचा. दयेचा व तहाचा सारा गुंता तेथे नाहीसा झाला आहे. हे कवीच्या दृष्टीने उचितच होते. न विचारता केलेल्या तहाचे प्रायश्चित्त प्राणार्पण असू शकत नाही; त्याचे प्रायश्चित्त पुन्हा मोहीम काढून खानास जिंकणे हे होय, आणि महाराजांनी सांगितले होते तेही तेवढेच. पाठ दाखविल्याचे प्रायश्चित्त मात्र छाती दाखविणे हेच असते. ज्या क्षणी अपराध बदलला त्या क्षणी मृत्यू सुसंगत झाला. सभासदाच्या कथेत जी एक तर्काची फट राहिली होती, की जिंकून ये म्हटले असता हा पुरुष मरावयास का गेला, ती अशी बुजली.

दुसरी गोष्ट सैन्याची. कवितेत मागे राहिलेली सेना भ्याड नाही. ती आश्चर्याने स्तिमित झालेली आहे. सात जण तिला टाकून पुढे निघून गेले, तिने त्यांना टाकले नाही. पुढील सर्व लोकप्रिय कथनांनी हाच धागा धरला. फौज दूर छावणीत होती, तिला कळलेच नाही, सेनापतीने वाट पाहिली नाही, अशी तीच गोष्ट अधिकाधिक तपशिलाने येऊ लागली. साहाय्य न मिळालेला सेनापती आता साहाय्य न मागणारा सेनापती झाला. येथे कथा केवळ प्रतापरावांस उंचावीत नाही. ती एका संपूर्ण सैन्यास कलंकातून सोडविते. या सोडवणुकीस आधार नाही, हे खरे. पण सरकारांनी ठेवलेल्या दोषासही तेवढाच आधार होता. एका वकिलाने लिहिलेल्या नकारार्थी शब्दाभोवती एकाने दोष रचला, दुसऱ्याने निर्दोषत्व. इतिहासाच्या वर्गात या दोहोंपैकी एकच खरे म्हणून शिकविले जाते तेव्हा तो शब्द मात्र कोणी दाखवीत नाही.

तिसरी गोष्ट गणिताची. पत्रात सहा स्वार व प्रतापराव आहेत. सहा आणि एक यांची बेरीज सात होते हे खरेच. पण ती बेरीज करावयाची की नाही हा भाषेचा प्रश्न आहे, अंकगणिताचा नव्हे. 'सहा स्वारांसह सरनोबत' या शब्दप्रयोगात एक नायक आहे व सहा परिशिष्टे आहेत. 'सात' म्हटले की पदवी गळून पडते आणि सेनापती आपल्या स्वारांच्या ओळीत येऊन उभा राहतो. ही समानता कोणत्याही जुन्या साधनात नाही. ती मराठी कवितेने दिली, आणि ती इतकी पक्की बसली की पुढे त्या सहांना नावे देणे भाग पडले.

'वेड' या कल्पनेविषयीही दोन शब्द. सरकारांच्या इंग्रजीत त्या धावण्यास वेडेपणाचे विशेषण लागले ते सेनापतित्वाच्या दृष्टीने दूषण म्हणून. मराठी वेडास दोन मुखे आहेत. एक बुद्धिभ्रंशाचे, दुसरे ध्यासाचे, ज्या अर्थाने विठ्ठलाचे वेड लागते वा गाण्याचे वेड असते. इंग्रजीतील निंदा मराठीत आल्याबरोबर निम्मी स्तुती होऊन गेली. कवीने तो शब्द सरकारांपासूनच उचलला असे म्हणण्याचे कारण नाही. भाषेत तो वाट पाहत होताच.

६

आज सर्वत्र सांगितली जाणारी सहा नावे अशी : विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल व विठोजी शिंदे. नारायण शेणवी सहा स्वार सांगतो, नावे सांगत नाही. सभासद प्रतापरावांचा मृत्यू सांगतो, सहा जण सांगत नाही. मग ही नावे त्या खिंडीत कशी आली?

यांतील काही पुरुष कल्पित नाहीत. सिद्दी हिलाल याचेच उदाहरण घ्यावे. परमानंदाच्या 'शिवभारता'त तो १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी नेतोजी पालकरांबरोबर दिसतो. सिद्दी जौहरच्या फौजेशी झालेल्या त्या झुंजीत त्याचा पुत्र वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. महाराजांच्या पदरी मोठ्या योग्यतेचा सरदार म्हणून त्याची नोंद आहे. पण चौदा वर्षांपूर्वी पन्हाळ्यास असणे ही नेसरीस असण्याची साक्ष नव्हे. 'कृष्णाजी भास्कर' हे नाव तर शिवकालाच्या वाचकास अफझलखानाच्या वकिलाचे म्हणून आधीच ठाऊक असते. एकाच नावाचे दोन पुरुष असण्यात अशक्य काही नाही, परंतु यादी वाचणारा बहुधा थबकतही नाही, हे नमूद करण्याजोगे आहे. शिवाय सरनोबताच्या हाताखाली स्वतंत्र पथके चालविणारे सरदार आणि त्याच्या घोड्याशेजारी धावणारे सहा स्वार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सहा नामांकित सरदार एकाच वेळी पडले असते तर ती बातमी कंपनीच्या वकिलाने केवळ 'सहा स्वार' या शब्दांत गुंडाळली असती, हे संभवनीय वाटत नाही. तो व्यापाऱ्यांचा नोकर होता, आणि सरदारांच्या मृत्यूची किंमत व्यापाऱ्यांस चांगली कळते.

तरीही ही यादी तयार झाली व टिकली, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. नावांचे वळण पाहावे : काही ब्राह्मणी, काही मराठा, एक हबशी मुसलमान. स्वराज्य हे कोणा एका जातीचे नव्हते ही विसाव्या शतकातील महाराष्ट्राची धारणा या सहांत अचूक उतरली आहे. ती धारणा चुकीची नाही. सिद्दी हिलालसारखे पुरुष महाराजांच्या सैन्यात होते याला भक्कम आधार आहेत, आणि ते सांगण्यास नेसरीची आवश्यकताही नाही. परंतु कथेला रिकामे चेहरे सहन होत नाहीत. 'सात' या एका शब्दाने सहा जागा समान मानाच्या केल्या, आणि मानाची जागा निनावी ठेवणे कोणासही रुचेना.

अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने समकालात पोवाडा रचला; सिंहगडावर तुळशीदासाचा पोवाडा आहे. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे ही दोन्ही कवने छापील रूपाने सर्वांच्या हाती आली. शाहीर एकटाच उभा राहून राजा होतो, खान होतो, मावळा होतो आणि प्रत्येकाच्या तोंडचे बोलतो. तेथे पात्रे लवकर घडली व त्यांच्या आकारात पुढे फारसा फरक पडला नाही. नेसरीस असा जुना शाहीर लाभला नाही. पराभवावर दरबारात पोवाडा गाइला जात नाही, हे त्याचे साधे कारण असावे. म्हणूनच तिची पात्रे दीर्घकाळ अपुरी राहिली व विसाव्या शतकापर्यंत नव्या हातांना तेथे काम उरले.

या साऱ्या उलगड्यात एक विपरीत गोष्ट हाती येते. सात हा आकडा ऐकताच चिकित्सक विद्यार्थी सावध होतो. सप्तर्षी, साती आसरा, सात समुद्र या लोकमानसातील आकड्याशी तो इतका जुळतो, की तो पाठीमागून चिकटवला असावा असेच कोणासही वाटेल. उलट महाराजांचे पत्र व सहा सरदारांची नावे ही दस्तऐवजासारखी दिसतात. पत्राला मायना असतो, नावाला आडनाव असते. प्रत्यक्षात समकालीन कागदाचा आधार आहे तो आकड्याला. पत्र बखरीच्या निवेदनातून निघाले आणि नावे आकड्याच्या पोटातून निघाली. कथेतील जो भाग सर्वांत काव्यमय भासतो तोच एका कोरड्या व्यापारी पत्रातला आहे, आणि जो सर्वांत कागदोपत्री भासतो तो कथनाच्या गरजेतून आलेला आहे. पदव्युत्तर वर्गात साधनचिकित्सा शिकविताना याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही. परंतु सामान्यतः तेथे हा प्रसंग घेतला जात नाही, कारण श्रद्धेचा विषय म्हणून तो शाळेतच संपलेला असतो.

प्रतापरावांच्या कथेला आणखी एक शेवट आहे, व तोही सभासदाने दिलेला. मार्च १६८० मध्ये रायगडावर राजाराममहाराजांचा विवाह झाला. वधू प्रतापरावांची कन्या जानकीबाई. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १६८० रोजी, शिवाजीमहाराजांचा अंत झाला. कठोर शब्दांचे हे परिमार्जन होय असे पुष्कळ लेखकांनी मानले आहे. सभासद विवाहाची नोंद देतो. परिमार्जन हे वाचकांनी त्यात घातले आहे. नेसरीजवळ कानडेवाडीच्या हद्दीत आज प्रतापरावांचे स्मारक आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास तेथे जाणाऱ्यास ती सहा नावे ऐकावयास मिळतात. रायगडाच्या पायथ्याशी बसून ज्याने प्रथम त्या सहांची गणती केली, त्याचे नाव मात्र तेथे कोणी उच्चारीत नाही.